गढी आणि छावणी

वैनगंगेच्या खोऱ्यात आणि नागपूरच्या मुलखात अनेक गावांत मातीच्या गढीचे अवशेष दिसतात. कुठे बुरुजाचा ढिगारा, कुठे अर्धी भिंत, तर कुठे नुसते नाव. गावकरी ते वैभवाची खूण म्हणून अभिमानाने दाखवतात. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. नागपूर राज्यातील बऱ्याचशा गढ्या एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत, म्हणजे भोसल्यांच्या पडत्या काळात उभ्या राहिल्या. त्या भयातून बांधलेल्या होत्या. पेंढारी येत असल्याची वर्दी आली की शेतकरी बायकापोरांसह आत शिरे आणि जिवाच्या आकांताने लढे. भिंतीबाहेरचे घर आणि पीक तर गेलेलेच असे.

ही वेळ का आली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १७४१ पासून दहा वर्षे पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने तह केला. ओरिसा भोसल्यांकडे आला आणि बंगालची चौथाई म्हणून वर्षाला बारा लाख रुपये ठरले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा पराक्रम म्हणून येतो. परंतु बंगालमध्ये ‘बर्गी’ हा शब्द, म्हणजे आपला ‘बारगीर’, आजही मुलांना निजवण्याच्या गाण्यात भीती घालण्यासाठी येतो. एकाच घटनेची नोंद दोन भाषांत किती वेगळी होते, हे आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यातील वाचकांना निराळे सांगायला नको.

त्या काळात भोसल्यांच्या स्वतःच्या राज्यात लढाई फारशी आली नाही. लागवड वाढत होती, वसूल वाढत होता. पण राज्याने जी फौज पोसली होती तिला बाहेरच्या मुलखाची सवय लागली होती. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांकडून पराभव झाला. देवगावच्या तहाने कटक गेले, वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गेला, राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा गेला. फौज मात्र अंगावर उरली. दुसऱ्या रघूजींनी गेलेल्या मुलखाचा वसूल उरलेल्या मुलखातून काढायचे ठरवले. सारा वाढला, नवे कर बसले. तरीही शिपायांचे पगार थकले आणि ते शेतकऱ्यांनाच लुटून पोट भरू लागले. त्याच सुमारास पेंढाऱ्यांच्या धाडी सुरू झाल्या. पेंढाऱ्याला कोणी पगार देत नसे. लुटीची मुभा हाच त्याचा पगार. १८११ मध्ये पेंढारी थेट नागपूरपर्यंत आले आणि त्यांनी शहराची उपनगरे जाळली. बंगालमध्ये जे पेरले ते पन्नास-साठ वर्षांनी आपल्याच शिवारात उगवले.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पगार थांबला म्हणून हत्यारबंद माणूस रिकामा बसत नाही; त्याचा पगार राज्याऐवजी गाव देऊ लागते. शिपाई कोण आणि लुटारू कोण, हा भेदही मग गावाच्या दृष्टीने पुसला जातो. युद्धाचा समाजावर होणारा पहिला परिणाम हाच.

१८१७-१८ मध्ये पेंढाऱ्यांचा बीमोड झाला. अमीरखान टोंकचा नवाब झाला. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू जंगलात वाघाच्या तोंडी पडला. पुढाऱ्यांचा असा निकाल लागला. ज्या गावांनी पंधरा वर्षे गढीत रात्री काढल्या, त्यांचे नुकसान मोजायला मात्र कोणी बसले नाही.

याच इतिहासाला दुसरी बाजूही आहे. आपल्या भागातील पोवार समाजाचे पूर्वज माळव्याकडून नगरधनजवळ येऊन वसले. भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत त्यांनी साथ दिली आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या, अशी नोंद आहे. तलवार खाली ठेवून त्यांनी भातशेती केली. आमच्या परसवाड्याच्या पठारावरही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लछमन नाईक नावाच्या माणसाने पहिली गावे वसवली, तेव्हा सारा वरचा मुलूख अरण्य होता. हत्यारबंद माणसाला शेत, पाणी आणि मान मिळाला तर तो गाव वसवतो. नुसती थकबाकी मिळाली तर गाव उठवतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९८० पासून आंध्रातून आलेली सशस्त्र दले गडचिरोली आणि बस्तरच्या जंगलात शिरली. त्यांना थारा का मिळाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेंदूपानांचे दर पडलेले होते, जंगल खात्याच्या शिपायाचा जाच होता, आणि कोर्टकचेरीची भाषा आदिवासीला परकी होती. तेंदूपानांचे दर वाढवून घेऊन या दलांनी लोकांत पाय रोवले. पुढे ठेकेदारांकडून वसुली सुरू झाली, ‘खबऱ्या’ ठरवून माणसे मारली जाऊ लागली. आमच्या बालाघाट जिल्ह्यात डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्या गावी, घरीच हत्या झाली. मंत्री सुरक्षित नाही, तिथे कोतवालाची काय कथा, असे तेव्हा प्रत्येकाला वाटले.

अशा यादवीत सर्वांत आधी मरतो तो मधला माणूस. पाटील, कोतवाल, सरपंच, शिक्षक, किराणा दुकानदार यांचे कामच दोन्हीकडे बोलण्याचे. ज्याला गोंडीही येते आणि हिंदी-मराठीही येते, तो एरवी गावाचा आधार असतो. बंदुकीच्या राज्यात तोच संशयित ठरतो. रात्री एकाला भाकरी दिली म्हणून सकाळी दुसरा दम देतो. हळूहळू शहाणी माणसे बोलणे सोडतात किंवा गाव सोडतात, आणि गावात न्यायनिवाडा करणारा कोणी उरत नाही.

त्यातही वाईट म्हणजे गावालाच गावाविरुद्ध उभे करणे. २००५ मध्ये दंतेवाडा-विजापूर भागात ‘सलवा जुडूम’ सुरू झाली. हजारो लोक घरे सोडून छावण्यांत आले, कित्येक सीमा ओलांडून आंध्रात गेले. जेमतेम शिकलेल्या आदिवासी तरुणांच्या हाती विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिल्या गेल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. शाळांचे हाल तर दोहोंकडून झाले: सुरक्षा दले शाळेत मुक्काम करीत, आणि त्यासाठी म्हणून नक्षलवादी शाळा सुरुंगाने उडवीत. मुलाच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच, शाळा बंद.

जगातही हेच घडले आहे. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी चालली. सैन्याने खेड्यातील लाखो पुरुषांना गस्तीपथकांत ओढून शेजाऱ्यावर पहारा ठेवायला लावले. दोन लाखांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली, असा तेथील सत्यशोधन आयोगाचा १९९९ चा अंदाज आहे. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के मूळनिवासी माया समाजाचे होते. त्याच प्रदेशातील कोस्टारिकातही १९४८ मध्ये यादवी झाली. पण त्याच वर्षी १ डिसेंबरला नेते होसे फिगेरेस यांनी राजधानीतील लष्करी बराकीच्या भिंतीवर हातोडा मारून सैन्यच बरखास्त केले. त्या बराकीत पुढे राष्ट्रीय संग्रहालय आले. आपल्यासारख्या देशाला सैन्य सोडता येणार नाही, हे उघड आहे. पण युद्ध संपल्यावर त्याच्या इमारतींचे काय करायचे, हे तरी तिथून शिकता येते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत भूपती साठ साथीदारांसह शरण आला. डिसेंबर २०२५ मध्ये बालाघाटात शेवटच्या शरणागती झाल्या आणि मध्य प्रदेश शासनाने राज्य नक्षलमुक्त झाल्याचे जाहीर केले. ही समाधानाची गोष्ट आहे. या लढ्यात बळी गेलेले जवान आणि गावकरी यांचे स्मरण ठेवूनच ती साजरी करावी. शरण आलेल्याला पुनर्वसन मिळते, तेही योग्यच. पण १८१८ ची चूक पुन्हा होऊ नये. ज्याचा बाप ‘खबऱ्या’ म्हणून मारला गेला आणि ज्याचा मुलगा खोट्या संशयावरून कोठडीत राहिला, अशा दोन्ही घरांची दारे शासनाने आणि समाजाने ठोठावली पाहिजेत. वनहक्काचे पट्टे, पानांचा योग्य दर, गोंडी समजणारा शिक्षक आणि कारकून, ही कामे बंदुकीपेक्षा संथ असली तरी टिकाऊ आहेत.

गढ्या निकामी झाल्या तरी त्यांच्या भिंती पुढे शंभर-दोनशे वर्षे उभ्या राहिल्या. मनातल्या भिंतीही तशाच राहतात. जंगलातल्या छावण्या उठतील तेव्हा त्या जागी शाळा, दवाखाना किंवा धान्याचे गोदाम उभे राहावे. आणि ‘तुझा भाऊ कोणाकडे होता?’ हा प्रश्न बाजाराच्या दिवशी कोणी कोणाला विचारू नये. ते ज्या दिवशी साधेल, त्या दिवशी हे युद्ध खऱ्या अर्थाने संपले असे म्हणता येईल.