जळत्या बर्फाचं कूळ

समुद्रतळातून निघणाऱ्या मिथेनच्या बुडबुड्यांचं मूळ सगळे समुद्रशास्त्रात शोधतात. माझ्या मते ते गॅसच्या तुंबलेल्या नळात सापडतं.

मिथेन हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात कोंडलेला वायू. दिसतो बर्फासारखा, काडी लावली की पेटतो. अशा हायड्रेटांच्या घराण्याचा मूळपुरुष, म्हणजे पहिला शोधक, कोण, यावर वाद आहे. रशियन अभ्यासक युरी मकागोन मान देतात जोसेफ प्रीस्टलीला. १७७८ मध्ये त्याने सल्फर डायऑक्साइड मिसळलेलं पाणी गोठताना पाहिलं म्हणे. पण थंडी इतकी होती की तो साधा बर्फही असू शकेल! मी हम्फ्री डेव्हीच्या बाजूचा. १८१० च्या सुमारास त्याने दाखवून दिलं की ‘गोठलेला क्लोरीन’ म्हणतात त्यात पाणीही असतं. कोरडा क्लोरीन तेवढ्या थंडीत गोठतच नाही. १८८८ मध्ये पॉल विलारने मिथेनचा हायड्रेट बनवला.

पुढे बराच काळ ही प्रयोगशाळेतली गंमतच राहिली. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅमरश्मिट नावाच्या संशोधकाने सांगितलं, की गॅसवाहिन्या चोंदतात त्या हायड्रेटने, तेही गोठणबिंदूच्या वरच्या तापमानाला. दाब आणि गारवा असला की झालं. मग तोच दाब आणि गारवा असलेल्या समुद्रतळाच्या गाळात हे का नसावं? माझ्या लेखी पुढचा सगळा शोध या प्रश्नाच्या पोटातून आला.

त्यातूनच भीतीही आली: समुद्र तापला तर पिंजरे फुटतील. २००९ मध्ये आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिमेला बुडबुड्यांचे अडीचशेहून अधिक झोत नोंदले गेले. तिथलं पाणी तीस वर्षांत सुमारे एक अंशाने तापलं होतं, म्हणजे चोर सापडलाच! पण २०१४ मध्ये संशोधक बर्न्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळावरचे चुनखडीचे पापुद्रे तपासले. मिथेन खाणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तिथे कार्बोनेट साचतं आणि त्यातल्या युरेनियम-थोरियमवरून वय काढता येतं. ते निघालं किमान ३००० वर्षं, म्हणजे गळती या तापण्याच्या कितीतरी आधीची. २०१८ मध्ये वॉलमान यांच्या गटाने वेगळंच कारण पुढे केलं: हिमयुगातल्या बर्फाचा भार उतरल्यावर तिथली जमीन वर उचलली गेली, पाण्याचा दाब घटला, हायड्रेट सुटला.

मला हे पटतं. पण म्हणून समुद्राच्या तापण्याला मी निर्दोष सोडत नाही. तिथल्या हायड्रेटची कड ऋतूगणिक एक-दोन अंशांच्या फरकानेही मागेपुढे सरकते. पाणी कायमचं तापलं तर ती मागेच राहील.