सुताराच्या पेटीचं मोल

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की भांडी वाटली जातात, कपडे गरजूंना जातात, जमिनीचे कागद शोधले जातात. सुताराच्या घरात याखेरीज एक वस्तू उरते, ती म्हणजे हत्यारांची पेटी. रंधे, पटाश्या, वाकस, करवती, गिरमिटं, गुण्या. मुलांनी तो धंदा सोडलेला असतो, म्हणून पेटी माळ्यावर चढते आणि घर नव्यानं बांधायला काढलं की भंगारवाल्याच्या काट्यावर उतरते. काटा फक्त लोखंडाचं वजन सांगतो. या पेटीचं मोल ठरवायचं तरी कसं, त्याविषयी थोडं बोलायचं आहे.

आमचं करावे हे नवी मुंबईतलं खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. भातशेती होती तेव्हा नांगर लागत, जू लागत. खाडीत लाकडी होड्या होत्या, त्यांची डागडुजी दरवर्षी निघे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि गावोगावची शेतं नव्या शहरासाठी गेली. पुढे होड्याही फायबरच्या आल्या. काम संपलं, पण ज्यांनी ते केलं ती हत्यारं पेट्यांत राहिली. माझे अब्बा सुतार होते. त्यांची पेटी आम्हा भावंडांकडे आली, तेव्हा एकेक हत्यार हातात घेऊन ओळखायला बसलो.

ओळखीची सुरुवात ठशापासून करावी. पॉलिशपेपरनं घासू नये. तेलाचा हात लावून सुती फडक्यानं पुसलं की पुरे, नाहीतर गंजाबरोबर अक्षरंही जातात. पटाशीच्या मानेजवळ अनेकदा ‘शेफील्ड’ हे इंग्लंडातल्या पोलादनगरीचं नाव सापडतं. तिथली ‘मार्पल्स’ ही कंपनी १८२८ सालची. तिची खूण तिपानी शॅमरॉकची. ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरं दिसली तर ते साधं ओतीव लोखंड समजू नये. बेंजामिन हंट्समन यानं १७४० च्या सुमारास शेफील्डला मातीच्या मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, त्या पोलादाचं ते नाव. मुशीत पोलाद करण्याची विद्या दक्षिण भारतात त्याच्या कित्येक शतकं आधीपासून होती, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

लोखंडी रंध्यावर ‘बेली’ हे नाव असतं. लेनर्ड बेली या अमेरिकनाच्या रंध्याचे हक्क ‘स्टॅन्ले’ कंपनीनं १८६९ साली घेतले. पण नावावरून वय सांगण्याची घाई करू नये, कारण ती घडण पुढे शंभराहून अधिक वर्षं चालली. लाकडी रंधा म्हणजे जुनाच, असंही नाही.

ही विलायती हत्यारं इकडे आली मुंबईमुळे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि त्यांच्या घराण्यानं सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळतं. १८५३ साली रेल्वे आली, मागोमाग तिचे कारखाने आले. सुताराच्या हाताला काम वाढलं आणि बाजारात शेफील्डचा मालही.

मात्र पेटीतल्या निम्म्या हत्यारांवर ठसाच नसतो. ती गावच्या लोहारानं घडवलेली असतात, आणि त्यांची ओळख पुस्तकात मिळत नाही. अब्बांच्या पेटीत एक जाड छिन्नी होती. धारेच्या जागी तिला बारीक चर. पुतण्याला वाटलं, धार गेली. तो ती दगडावर घासायला निघाला. शेजारचे म्हातारे नाखवा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, “अरं थांब पोरा, ती धारेची नाय. होरीत कापूस ठासाची हाय.” होडीच्या दोन फळ्यांच्या सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठासून बसवायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. त्यासाठी बोथटच हत्यार लागतं. धारेचं असतं तर कापूस तुटला असता. दगडावर दहा मिनिटं घासलं असतं तर ती छिन्नी कायमची कामातून गेली असती.

आता पैशांतली किंमत. संग्राहक चार गोष्टी पाहतात: ठसा वाचता येतो का, पातं किती उरलं आहे, भाग मूळचे आहेत का, आणि ती वस्तू दुर्मीळ आहे का. मूठ बदललेली असली तर भाव उतरतो. गंमत अशी, की शेफील्डच्या पात्याला बाभळीची मूठ बसवणारा हात आपल्या घरातला असतो, आणि बाजार नेमकी तीच गोष्ट वजा धरतो. कायद्याचंही भान हवं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार कारागिरीचा नमुना असलेली शंभर वर्षांची वा त्याहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जमवून एक संग्रहालय उभं केलं. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारा हा माणूस. रोजच्या वापराच्या वस्तूतही इतिहास असतो, हे त्यांच्यामुळे महाराष्ट्राला दिसलं. आपल्याला संग्रहालय उभारायचं नाही, एक वही पुरेल. हत्याराचं नाव, ठसा, ते कशासाठी वापरलं, मूठ कुणी बसवली, एवढं लिहावं आणि मगच वाटणी करावी. सुतारकाम करणारं कुणी नात्यात असेल तर चालती हत्यारं त्याला द्यावीत. ती वापरात राहतात.

आमच्या वहीत चौतीस हत्यारांची नोंद झाली आहे. आठ अजून बिननावाची आहेत. नाखवा आता नव्वदीला टेकलेत, पण नजर शाबूत आहे. येत्या रविवारी पेटी त्यांच्या ओट्यावर न्यायची आहे.