ग्रेस आली, पण सिग्ने का गेली?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी अमेरिकेत मी एका कोर्सची टीए होते. विषय होता साठच्या दशकातलं संगीत आणि समाज. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'जेफरसन एअरप्लेन' या बँडवर बोलताना मी नेहमीचं वाक्य टाकलं : मूळ गायिका सिग्ने अँडरसन बाळंतपणानंतर बाहेर पडली, तिच्या जागी ग्रेस स्लिक आली, आणि 'सर्रिअलिस्टिक पिलो' या अल्बमने इतिहास घडवला. पुढच्या स्लाइडकडे वळणार एवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मूल झालं म्हणून बँड सोडलेला एखादा पुरुष सांगता येईल का?"

मला सांगता आला नाही. खरं तर त्याहून वाईट वाटलं ते हे, की इतकी वर्षं हे वाक्य वाचून आणि लिहूनही मला तो प्रश्न पडला नव्हता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

तीन आवाजांचा बँड

१९६५च्या उन्हाळ्यात मार्टी बॅलिन नावाच्या गायकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर स्ट्रीटवर पिझ्झाच्या एका जुन्या दुकानाचा क्लब केला. त्याचं नाव 'मेट्रिक्स'. १३ ऑगस्टला क्लब उघडला तेव्हा मंचावर त्याचाच नवा बँड होता. बॅलिनने माणसं जमवली ती शहरातल्या फोक क्लबांमधून. पॉल कँटनर बँजो आणि बारा तारांची गिटार वाजवायचा. योर्मा कौकोनेन जुन्या ब्लूजच्या धाटणीने बोटांनी गिटार छेडणारा. आणि सिग्ने टोली, म्हणजे लग्नानंतरची सिग्ने अँडरसन, ओरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये वाढलेली, भरदार खालच्या आवाजाची गायिका.

बँडवरचा लोकसंगीताचा प्रभाव सांगताना बहुतेक जण अकूस्टिक गिटारकडे बोट दाखवतात. मला तो आवाजांच्या मांडणीत जास्त दिसतो. कँटनरला 'द वीव्हर्स' हा गट फार आवडायचा. पीट सीगर, ली हेज, फ्रेड हेलरमन, आणि या तीन पुरुषांमध्ये रॉनी गिल्बर्टचा खणखणीत आवाज. मॅकार्थीच्या काळात डाव्या विचारांपायी या गटाला काळ्या यादीत टाकलं गेलं, पण सगळ्यांनी मिळून गायची त्यांची पद्धत पुढच्या पिढीने उचलली. जेफरसन एअरप्लेनमध्ये बॅलिन, कँटनर आणि सिग्ने एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून, कधी एकमेकांना छेद देत गायचे. बाईचा आवाज इथे शोभेपुरता नव्हता. तो काढला तर गाणं लंगडं पडलं असतं.

म्हणजे सिग्नेची जागा रिकामी ठेवता येणार नव्हती. ती भरावीच लागणार होती.

दोन रात्री

आरसीए कंपनीने १९६५च्या अखेरीस बँडला २५,००० डॉलरचा अ‍ॅडव्हान्स दिला. नवख्या बँडसाठी ही रक्कम मोठीच होती. मे १९६६मध्ये सिग्नेला मुलगी झाली. ऑगस्टमध्ये पहिला अल्बम 'टेक्स ऑफ' आला. त्यात मेम्फिस मिनीचं 'शोफर ब्लूज' एकट्या सिग्नेने गायलंय. ते ऐकलं की या बाईला कुणाच्या आधाराची गरज नव्हती हे कळतं. अल्बम मात्र बिलबोर्डच्या यादीत १२८व्या क्रमांकापर्यंतच पोचला.

आता बँडला शहराबाहेर पडणं भाग होतं. गावोगावी कार्यक्रम करायचे, व्हॅनमधून फिरायचं, पहाटे कुठेतरी झोपायचं. कडेवर काही महिन्यांचं मूल घेऊन हे कसं जमणार? सिग्नेच्या जाण्यामागे बँडमधल्या कुरबुरी, तिच्या नवऱ्याशी झालेले खटके अशी आणखीही कारणं सांगितली जातात. पण बाकी सगळं जुळलं असतं तरी मूल आणि दौरा हे गणित सुटणारं नव्हतं. आणि ते सोडवायचं काम एकट्या तिच्याकडेच होतं.

१५ ऑक्टोबर १९६६ला फिलमोर ऑडिटोरियममध्ये ती शेवटचं गायली. दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबरला, त्याच मंचावर, त्याच बँडसोबत ग्रेस स्लिक उभी होती. मधे फक्त एक रात्र. या दोन्ही कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं २०१०मध्ये अधिकृतपणे निघाली. एकाच्या नावात सिग्नेचा निरोप, दुसऱ्याच्या नावात ग्रेसचं पदार्पण.

ग्रेस एका रात्रीत उभी राहू शकली, कारण ती परकी नव्हती. तीसुद्धा याच शहरात, 'आय. मॅग्निन' या मोठ्या दुकानात मॉडेल म्हणून काम करत होती. मेट्रिक्समध्ये तिने आणि तिच्या नवऱ्याने जेफरसन एअरप्लेनला ऐकलं आणि आपणही बँड काढावा असं त्यांच्या डोक्यात आलं. तो बँड म्हणजे 'द ग्रेट सोसायटी'. १६ ऑक्टोबर १९६५ला लाँगशोअरमेन्स हॉलमधल्या एका गाजलेल्या नाचाच्या कार्यक्रमात हे दोन्ही बँड एकाच मंचावर होते. म्हणजे ग्रेस जिच्या जागी आली, त्या सिग्नेला तिने वर्षभर आधी जवळून ऐकलं होतं. जागा भरणारी बाई त्या जागेकडे बघूनच तर गाऊ लागली होती!

नवा आवाज, जुनी गाणी

पंधरा दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, हॉलिवूडमधल्या आरसीएच्या स्टुडिओत नव्या अल्बमचं काम सुरू झालं आणि २२ नोव्हेंबरला संपलंसुद्धा. निर्माता होता रिक जेरार्ड. अल्बमच्या पाकिटावर 'ग्रेटफुल डेड'च्या जेरी गार्सियाचा उल्लेख सांगीतिक आणि आध्यात्मिक सल्लागार असा केलाय. अल्बमचं नावही त्याच्याच बोलण्यातून निघालेलं.

सगळ्यांना आठवतात ती यातली दोन गाणी, 'समबडी टू लव्ह' आणि 'व्हाइट रॅबिट'. आणि ही दोन्ही ग्रेसने जुन्या बँडमधून सोबत आणलेली. पहिलं तिच्या दिराने, डार्बी स्लिकने लिहिलेलं, तेव्हा त्याचं नाव 'समवन टू लव्ह' होतं. दुसरं तिचं स्वतःचं. माइल्स डेव्हिसच्या 'स्केचेस ऑफ स्पेन'मधला स्पॅनिश रंग आणि रॅव्हेलच्या बोलेरोसारखी हळूहळू चढत जाणारी लय, त्यावर लुईस कॅरोलची अ‍ॅलिस. ग्रेट सोसायटी हे गाणं मंचावर सहा मिनिटं रंगवायची, सुरुवातीला बराच वेळ नुसती आळवणी. अल्बमवर ते अडीच मिनिटांत संपतं. एक पायरीही खाली न येता वर चढत जाणारं, आणि टोकाला पोचलं की थेट बंद.

मात्र पूर्ण अल्बम ऐकला तर वेगळंच चित्र दिसतं. ११ गाण्यांपैकी ग्रेसचा आवाज मुख्य आहे तो याच दोनमध्ये. बाकी बराचसा अल्बम अजूनही फोक क्लबातला आहे. 'टुडे'सारखं हळुवार प्रेमगीत, योर्माचं नुसत्या गिटारवरचं 'एम्ब्रिऑनिक जर्नी', आणि 'कमिन बॅक टू मी', ज्यात ग्रेस गात नाही, रेकॉर्डर ही लाकडी बासरी वाजवते. तिन्ही आवाज एकत्र येतात तिथे ती सिग्नेने घडवलेल्या जागी उभी आहे. तिचा आवाज जास्त धारदार, बर्फासारखा थंड, पण जागा तीच.

अल्बम फेब्रुवारी १९६७मध्ये आला आणि बिलबोर्डवर तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. 'समबडी टू लव्ह' पाचव्या आणि 'व्हाइट रॅबिट' आठव्या क्रमांकावर. 'समर ऑफ लव्ह' म्हटलं की आजही हाच आवाज लावला जातो. तोवर ग्रेट सोसायटी मोडली होती.

कुणाची गोष्ट सांगायची?

आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट कोण विसरेल? खेळ चालू असताना पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, असं सांगितलं जातं. आपण ती कौतुकाने सांगतो. मला आता त्या गोष्टीत कौतुकाआधी सुपारी दिसते. खेळ थांबवायची मुभा तिथे कुणालाच नव्हती. आणि दुसरं असं की परत येऊन नाचणारी आपल्या लक्षात राहते, जिने 'आता पुरे' म्हटलं तिची गोष्ट आपण जपून ठेवत नाही.

आता ग्रेसचं बघा. जानेवारी १९७१मध्ये तिला कँटनरपासून मुलगी झाली. तिला बँड सोडावा लागला नाही. तिच्यात हिंमत जास्त होती म्हणून? मला तसं वाटत नाही. १९७१पर्यंत बँडकडे फुल्टन स्ट्रीटवर स्वतःचा वाडा होता, पैसा होता, त्याच वर्षी आरसीएच्या छत्राखाली 'ग्रंट' हे स्वतःचं लेबल निघालं. वेळापत्रक ठरवायची ताकद हातात होती. १९६६च्या सिग्नेकडे यातलं काहीच नव्हतं. दोघींमधला फरक प्रतिभेचा नाही, साडेचार वर्षांचा आणि बँकेतल्या पैशांचा आहे.

सिग्ने ओरेगनला परतली. गाणं तिने सोडलं नाही, पुढे कितीतरी वर्षं पोर्टलंडमधल्या एका बँडमध्ये ती गात होती. १९९६मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने जेफरसन एअरप्लेनला स्थान दिलं तेव्हा सन्मान झालेल्या सहा जणांत ती नव्हती. २८ जानेवारी २०१६ला पॉल कँटनर गेला. त्याच दिवशी सिग्नेही गेली. दोघंही ७४ वर्षांचे. त्याची बातमी लगेच जगभर पसरली, तिची बाहेर यायला दोन-तीन दिवस लागले.

'सर्रिअलिस्टिक पिलो' मला आजही तितकाच आवडतो. ग्रेसचं श्रेय कमी करायचं नाहीये, ती दोन गाणी तिच्याशिवाय झालीच नसती. पण आता मी हा विषय शिकवते तेव्हा आधी १५ ऑक्टोबरचं रेकॉर्डिंग लावते, मग १६चं. मधे काही बोलत नाही. वर्गातलं कुणीतरी विचारतंच, "पहिली कोण होती?" मग तिथून सुरुवात करता येते.