फासे कोण पुरवतो?

नागपूरहून वर्धा रस्त्यानं दक्षिणेकडे निघालं की विमानतळ मागे पडतो आणि खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांच्या शिवारात उभं राहिलेलं मिहान लागतं. 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि या प्रकल्पानं आकार घेतला. विमानं दुरुस्त करण्याचा कारखाना इथं आहे, औषधांचा आहे. आणि टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालयंही आहेत. या शेवटच्या कारखान्यांना धुराडं नाही, भोंगा नाही. इथला माल म्हणजे आज्ञावली. तो तारेवरून जातो आणि क्षणात सातासमुद्रापलीकडे पोचतो.

आता असा माल कोणत्याही गिऱ्हाइकासाठी तयार करता येतो. बँकेचा हिशेब ठेवणारी आज्ञावली लिहिता येते, रुग्णालयाची नोंदवही सांभाळणारी लिहिता येते, आणि क्रिकेटच्या सामन्यावर पैजा घेणाऱ्या परदेशी पेढीसाठीही लिहिता येते. जगात आज अशा कंपन्या आहेत, की ज्या स्वतः एका पैचीही पैज घेत नाहीत. पैजा घेणाऱ्यांना भाव, आकडे आणि यंत्रणा तेवढी पुरवतात. 2001 साली स्थापन झालेली, स्वित्झर्लंडमध्ये मुख्य ठाणं असलेली स्पोर्टरडार ही त्यांतली एक मोठी. तेव्हा प्रश्न असा पडतो, की जो स्वतः जुगार खेळत नाही, खेळवतही नाही, फक्त फासे पुरवतो, त्याची जागा कुठली?

आम्ही इतिहास शिकवणारी माणसं. नवा प्रश्न समोर आला की तो पूर्वी कोणाला पडला होता का, हे आधी पाहतो. आणि गंमत अशी, की हा प्रश्न फार जुना आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळं. रानातून वेचून आणावीत आणि खेळावं. पुरवणारा म्हणून कोणी वेगळा नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रापर्यंत येता येता मात्र चित्र पालटतं. तिथं द्यूताध्यक्ष नावाचा सरकारी अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, अधिकाऱ्यानं फासे स्वतः पुरवावेत आणि जोडीमागे एक काकणी भाडं घ्यावं, असा नियम आहे. दुसरे फासे वापरणाऱ्याला बारा पण दंड. शिवाय जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच सरकारजमा. कौटिल्याला जुगाराचं प्रेम नव्हतं. पण ज्याच्या हातात फासे त्याच्या हातात खेळ, हे त्यानं ओळखलं होतं. म्हणून फासे पुरवणाऱ्याला त्यानं मोकळं सोडलं नाही. ते काम राजानंच करावं, म्हणजे निदान फासे खोटे नसतील, असा हिशेब केला.

इंग्रजी अमदानीत कायदा झाला तो 1867 चा, सार्वजनिक जुगाराचा. आपलं नागपूर तेव्हा मध्यप्रांतात आणि हा कायदा मध्यप्रांताला लागू होता. मुंबई इलाख्यानं आपला स्वतंत्र कायदा 1887 साली केला. दोन्ही कायद्यांची नजर जागेवर होती. ज्या घरात पत्ते, फासे वा इतर साधनं मालकाच्या फायद्यासाठी ठेवली जातात, मग तो फायदा जागेच्या भाड्याचा असो की साधनांच्या भाड्याचा, ते जुगाराचं घर. म्हणजे साधनाचं भाडं कायद्याला ठाऊक होतं; पण ते त्या चार भिंतींच्या आतलं. भिंतीबाहेर बसून कोणी साधन पुरवील आणि जगभर पुरवील, ही कल्पना तेव्हा कोणाला यावी?

पण भिंती लवकरच मोडल्या. मोडल्या त्या तारेनं. आणि इथं आपला वऱ्हाड-नागपूरचा कापूस मधे येतो, बरं का! मुंबईच्या कापूस बाजाराला न्यूयॉर्कचे भाव तारेनं येत. व्यापाऱ्याला ते भाव हवेत, कारण त्यावर त्याचा सौदा. पण ज्याच्याजवळ कापसाचं एक बोंडही नाही, त्याला त्या भावातला शेवटचा आकडा हवा असे; कारण त्यानं त्यावर पैसे लावलेले असत! मुंबईच्या कायद्याचं कलम आजही वाचून पाहा. त्यात कापसाच्या वा अफूच्या भावातल्या आकड्यांवरचा जुगार आहे; पाऊस पडेल की नाही, किती पडेल, यावरचाही आहे. कायदेमंडळाला इतकं बारीक लिहावं लागलं, कारण माणसं इतक्या बारीक गोष्टींवर पैसे लावत होती.

1961 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या आकड्यांचा हा पुरवठा बंद झाला. आता जुगार थांबायला हवा होता. थांबला का? छे! 1962 साली कल्याणजी भगत यांनी वरळीला स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. 1964 मध्ये रतन खत्री यांचा वेगळा आकडा सुरू झाला. मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या म्हणून नाव पडलं मटका. पुढं चिठ्ठ्या गेल्या, पत्ते आले, नाव मात्र तेच राहिलं. आपल्या विदर्भात त्याला सट्टापट्टी म्हणतात. यातून दिसतं ते असं, की हजारो माणसांना मडक्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवा होता सगळीकडे एकच असणारा, झटपट पोचणारा आकडा. तो पुरवणारा हाच या धंद्याचा कणा होता.

याच काळाच्या आधी, दूर दक्षिणेला, फासे पुरवण्याचा रीतसर उद्योग उभा राहिला होता. त्याची कथा मोठी चटकदार आहे. जॉर्ज ज्यूलियस हा इंग्लंडात जन्मलेला, ऑस्ट्रेलियात काम करणारा अभियंता. वडील न्यूझीलंडमध्ये बिशप. या गृहस्थानं एक यंत्र योजलं ते निवडणुकीतली मतं मोजण्यासाठी. सरकारला ते पसंत पडलं नाही. तेव्हा त्यानं तेच यंत्र घोड्यांच्या शर्यतीकडे वळवलं. 1913 साली ऑकलंडच्या एलरस्ली मैदानावर ते बसलं. तारा, कप्प्या आणि वजनं यांवर चालणारं ते अवाढव्य धूड, प्रत्येक खिडकीवर विकलेलं तिकीट मोजून बेरीज समोरच्या फलकावर दाखवी. 1917 मध्ये त्यानं कंपनी काढली आणि पुढं ही यंत्रं देशोदेशीच्या मैदानांवर गेली.

या यंत्राला टोटलायझेटर म्हणतात. त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, शंभर जणांनी दहा-दहा रुपये लावले. जमले एक हजार. त्यांतले दोनशे क्लब आणि सरकार यांनी ठेवले, उरले आठशे. जिंकणाऱ्या घोड्यावर चाळीस तिकिटं असतील तर प्रत्येकाला वीस रुपये. दहाच असतील तर ऐंशी. घोडा कोणता जिंकतो याच्याशी मैदानवाल्याला कर्तव्य नाही, त्याचे दोनशे ठरलेले. यंत्र फक्त मोजतं. ज्यूलियसचं समाधान यातच असावं, की मोजणी खरी आहे. आपल्याकडेही शर्यतीच्या दिवशी, परवानाधारक मैदानाच्या राखीव आवारात लावलेली पैज मुंबईच्या कायद्यानं जुगारातून वगळली. जागा ठरलेली, दिवस ठरलेला, मोजणी उघड.

मग आजची सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे नवा ज्यूलियसच की, असं कोणी म्हणेल. आणि इथंच फरक करायला हवा. ज्यूलियसचं यंत्र लोकांनी लावलेले पैसे मोजी. आजचं यंत्र भाव स्वतः ठरवतं. दोन तुल्यबळ संघ असले तर दोघांवरही शंभराला एकशे नव्वद असा भाव ते काढतं. एकानं या बाजूला शंभर लावले, दुसऱ्यानं त्या बाजूला. आले दोनशे, द्यायचे एकशे नव्वद. दहा रुपये पेढीचे. चेंडूगणिक भाव बदलतो आणि चेंडूगणिक नवी पैज लावता येते. शिवाय यंत्र गिऱ्हाइकाची वहीही ठेवतं. कोण वारंवार जिंकतो, कोण हरूनही पुन्हा येतो, हे त्याला कळतं. जिंकणाऱ्याची मर्यादा कमी करावी आणि हरणाऱ्याला आर्जव करून बोलवावं, इतकी अक्कल त्या आज्ञावलीत घालता येते. तीच आज्ञावली उलटी लिहिली, तर हरत चाललेल्या माणसाला वेळीच थांबवूही शकते. म्हणजे यंत्र नुसतं मोजतं, हे आता खरं उरलं नाही. ते मोजतं ते कोणाच्या बाजूनं, हे लिहिणारा ठरवतो.

हा प्रश्न नागपूरला परका नाही. 19 मार्च 2000 रोजी याच शहरात, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर, भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा एकदिवसीय सामना झाला. कर्णधार हॅन्सी क्रोनिए यानं आपल्या दोन खेळाडूंना पैशांचं आमिष दाखवलं होतं. हर्शेल गिब्जनं वीसच्या आत बाद व्हावं, हेन्री विल्यम्सनं पन्नासाहून अधिक धावा द्याव्यात. गिब्जनं केल्या चौऱ्याहत्तर. विल्यम्स दुखापत होऊन अर्ध्यात मैदानाबाहेर गेला. बेत फसला. पण एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी प्रकरण उघड केलं आणि पुढं क्रोनिएवर जन्माची बंदी आली. त्या दिवशी मैदानात बसलेल्या नागपूरकरानं टाळ्या वाजवल्या त्या खेळाला. आणि त्याच्या पाठीमागे कुठंतरी वीस हा आकडा विकला जात होता. कापसाच्या भावातल्या शेवटच्या आकड्यासारखा!

असल्या गोष्टींवर उपाय दोन तऱ्हांनी सुचले. न्यायमूर्ती लोढा समितीनं 2016 साली पैजा कायदेशीर करून नियमाखाली आणाव्यात असं सुचवलं. 2018 साली विधी आयोगानंही म्हटलं, की बंदी अमलात आणता येत नसेल तर नियमन करावं. ब्रिटननं हीच वाट धरली. तिथल्या 2005 च्या कायद्यानं पैज घेणाऱ्यालाच नव्हे, तर जुगाराचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाही वेगळा परवाना घ्यावा लागतो. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष लंडनमध्ये पुन्हा अवतरला, असंच म्हणावं! आपल्या संसदेनं दुसरी वाट घेतली. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. कौशल्याचा खेळ की दैवाचा, हा जुना भेद त्यानं या खेळांपुरता मोडला. आणि खेळ पुरवणाऱ्याबरोबरच त्याला साहाय्य करणाऱ्यालाही त्यानं दोषी धरलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाटा दोन असल्या तरी दोन्हींत एक गोष्ट समान आहे. फासे पुरवणारा आता भिंतीबाहेर उभा नाही.

वाचकहो, आमच्या वर्गांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात आणि मिहानसारख्या ठिकाणी नोकरी शोधतात. नोकरी सहज मिळत नाही, घरी वाट पाहणारी माणसं असतात. त्यांना उपदेश करणं सोपं आणि पोकळ आहे. कामाच्या तुकड्यावर तर गिऱ्हाइकाचं नावही बहुधा नसतं. एकाकडे बेरजेचं काम, दुसऱ्याकडे पडद्याचं, तिसऱ्याकडे नोंदवहीचं. आपण लिहितो ते फाशांचं एक टोक आहे हे कळणारच नाही, अशी त्याची रचना असते. म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं, की विचारावं. हे कोणासाठी? पलीकडचा माणूस कोण? तो हरत गेला, तर माझी आज्ञावली त्याला थांबवील की बोलावील? विचारल्यानं नोकरी लगेच जात नाही. आणि उत्तर टाळलं गेलं, तर तेही एक उत्तरच असतं. विमानतळापलीकडच्या त्या इमारतींत जे हात काम करतात ते हुशार आहेत. त्यांच्या हाती काय येतं आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचा हक्क आहे.