डॅम्पिंग पोलादात नसते

पोलादी सांगाडा म्हटला की डॅम्पिंग, म्हणजे कंपन जिरवण्याचे प्रमाण, दोन टक्के, काँक्रीट म्हटले की पाच, हे आम्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या हाडीमाशी खिळले आहे. भूकंपरोधक डिझाइनच्या आयएस 1893 या भारतीय मानकाच्या 2002 च्या आवृत्तीत हेच आकडे होते. 2016 मध्ये सगळ्यांना सरसकट पाच टक्के झाले. त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही: मोठ्या भूकंपात सांगाडा लवचिकतेची हद्द ओलांडतो आणि पुष्कळ ऊर्जा जिरवतो. पण तो आकडा डिझाइनचे बळ काढण्यापुरता आहे. वाऱ्याने किंवा दूरच्या भूकंपाने उंच इमारत किती हलेल, हे त्यावरून वर्तवणे साफ चूक आहे.

यार्डात टांगलेल्या गर्डरवर हातोडी मारून पाहा. नाद कितीतरी वेळ घुमतो. पोलाद स्वतः कंपन फारच थोडे जिरवते. इमारतीतले डॅम्पिंग येते ते बोल्टच्या सांध्यांतल्या घसटीतून, भिंती-पार्टिशनच्या घर्षणातून, पायाखालच्या मातीतून. मग त्याच सांगाड्यात विटांच्या भिंती असोत की काचेची पार्टिशने, आकडा एकच कसा?

जपानमध्ये युकिओ तामुरा आणि सहकाऱ्यांनी उभ्या इमारतींवरची मोजमापे गोळा केली. इमारत जितकी उंच तितके डॅम्पिंग कमी, असा कल त्यांत दिसतो. ‘जास्त हलली की आपोआप आवरेल’ हाही समज अर्धाच खरा. हेलकावा वाढतो तसे सांधे एकेक करून घसरू लागतात आणि डॅम्पिंग वाढते. पण सगळे घसरू लागल्यावर घर्षण तेवढेच राहते, हेलकावा मात्र वाढत जातो, आणि टक्केवारी पुन्हा खाली येते.

11 मार्च 2011 च्या जपानमधल्या भूकंपात ओसाकातली साकिशिमाची 55 मजली, 256 मीटर उंच पोलादी इमारत केंद्रापासून 700 किलोमीटरहून दूर असूनही सुमारे दहा मिनिटे डोलत होती. माथा एकेका बाजूला मीटरभराहून जास्त गेला. तिचा एक हेलकावा साधारण साडेसहा सेकंदांचा, आणि खालच्या जमिनीची लय त्याच्याशी जुळलेली. अशा इमारतीत जमीन थांबल्यावर हेलकावा निम्मा व्हायला पाच टक्क्यांनी पंधरा सेकंद पुरतात, दोन टक्क्यांनी छत्तीस लागतात, एक टक्क्याने बहात्तर. जुळलेली लय टिकून राहिली तर दोनाऐवजी एक टक्का असताना हेलकावाही दुपटीपर्यंत जातो.

म्हणून उंच पोलादी इमारतीच्या वापरयोग्यतेचा हिशेब मी एक टक्का किंवा त्याहून कमी धरून करतो. आणि कंपने दोनदा मोजायला हवीत: नुसता सांगाडा उभा असताना, आणि भिंती चढल्यावर.