दार तोलणारा दांडा

काही मोटारींचे मागचे दार वरच्या बाजूला उघडते. थोडे उचलले की पुढे ते आपसूक वर जाते आणि आपल्या डोक्यावर अधांतरी राहते. त्याला तोलून धरतात दोन्ही कडांचे दोन बारीक दांडे. या दांड्यांचे काम बहुधा तारेच्या स्प्रिंगवर चालत नाही. त्यांच्या नळकांड्यात नायट्रोजन दाबून भरलेला असतो.

नळकांड्यात दट्ट्या असतो व दट्ट्याला बारीक छिद्र. छिद्रामुळे दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच. मग दांडा बाहेर का ढकलला जातो? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. एका बाजूला दांडा जोडलेला असल्याने तेवढ्या जागेवर वायू रेटा देऊ शकत नाही. म्हणून उरणारा जोर दांड्याच्या छेदाइतक्याच क्षेत्रफळाचा. दांडा १० मिलिमीटर व्यासाचा आणि दाब वातावरणाच्या १०० पट धरला, तर हा जोर सुमारे ८० किलो वजनाइतका भरतो. कडाक्याच्या थंडीत दाब उतरतो आणि दार जड वाटते, तेही यामुळेच.

सगळी भिस्त असते दांडा बाहेर येतो तिथल्या सीलवर. तिथे धूळ शिरली की सील झिजते आणि वायू हळूहळू निसटतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

२०१५ साली जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख ९० हजार गाड्या याच कारणाने परत बोलावल्या. शेवरोले ट्रॅव्हर्स, ब्युइक एन्क्लेव्ह यांसारख्या या मोठ्या गाड्या. त्यांचे मागचे दार मोटरवर चालणारे. दांडे अशक्त झाल्यास दाराला वेगाने पडू न देण्याची जबाबदारी नियंत्रक प्रणालीवर होती, पण झिजलेले दांडे तिला नेहमी ओळखता येत नव्हते. दार कोसळून माणसे जखमी झाली. आम्हाला यात विशेष वाटते ते हे, की झीज धातूरबराची असूनही उपाय म्हणून प्रणालीतला प्रोग्रॅम बदलण्यात आला, आणि तोही फुकट.

हे ‘फुकट’ सहज मिळालेले नाही. पूर्वी अपघात म्हटला की बोट चालकाकडे जाई. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने मोटारींच्या रचनेतलेच दोष चव्हाट्यावर आणले. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. त्याने कारखानदाराला दोष मालकाला कळवणे भाग पाडले, पण दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच्यावर टाकला नाही. म्हणजे पत्र यायचे, ‘तुमची गाडी धोक्याची आहे’, आणि पुढचे ज्याचे त्याने बघायचे! विनामूल्य दुरुस्तीची सक्ती १९७४ च्या सुधारणेने आली.

सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार आपल्या केंद्र सरकारला मिळायला २०१९ उजाडले. मोटार वाहन कायद्यात त्या वर्षी घातलेले ते कलम ११०-अ.