सर ज.जी. रुग्णालय समूह : दान, अध्यापन आणि लोकसेवा – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मुंबई शहराच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास लिहिताना गिरण्या, बंदर आणि विद्यापीठ यांची चर्चा विस्ताराने होते; परंतु भायखळा परिसरातील सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमीच गेलेले दिसते. जे.जे., सेंट जॉर्जेस, गोकुळदास तेजपाल आणि कामा व आल्ब्लेस ही चार रुग्णालये व त्यांना जोडलेले महाविद्यालय मिळून तयार झालेला हा समूह कोणा एका योजनेतून उभा राहिलेला नाही. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हेतूंनी निर्माण झालेल्या या संस्था होत. गरीब रुग्णाची सेवा आणि विद्यार्थ्याचे शिक्षण ही दोन उद्दिष्टे एकाच छताखाली कशी नांदली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यक शिकविण्याचा पहिला प्रयत्न १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या शाळेने केला. तेथील अध्यापन देशी भाषेतून व्हावे म्हणून वैद्यकीय पुस्तकांची मराठी भाषांतरेही करण्यात आली. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली. त्यानंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या महाविद्यालयाची कल्पना पुढे मांडली; मात्र १८३८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी वर्गणी गोळा केली आणि त्यातून १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्राचार्य होत.

महाविद्यालयास रुग्णालय हवे होते आणि ते जमशेटजी जीजीभाई यांच्या दानातून मिळाले. १८३८ मध्ये त्यांनी यासाठी एक लाख रुपये देऊ केले होते. जमशेटजींची संपत्ती प्रामुख्याने चीनशी होणाऱ्या कापूस व अफूच्या व्यापारातून आली होती, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते. दात्याच्या औदार्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण एकोणिसाव्या शतकातील लोकोपकाराचा पाया कोणत्या व्यवहारावर उभा होता, याचे भान इतिहासलेखनात सुटता कामा नये.

पहिली तुकडी आणि तिच्या मर्यादा

१८५१ मध्ये महाविद्यालयातून पहिले विद्यार्थी पदवीधर झाले. त्यांत भाऊ दाजी लाड आणि पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग हे होते. भाऊ दाजींनी वैद्यकीय व्यवसायाबरोबरच पुरातत्त्व, नाणी व शिलालेख यांच्या अभ्यासात जे कार्य केले ते सर्वश्रुत आहे. रुग्णशय्येजवळ नोंद करण्याची, तपासून पाहण्याची आणि पुराव्याविना निष्कर्ष न काढण्याची जी सवय या महाविद्यालयाने लावली, तिचा या संशोधनाशी संबंध जोडणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

तथापि या पदवीधरांपुढे एक भिंत होती. महाविद्यालयातील प्राध्यापकपदे दीर्घकाळ मुख्यत्वे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे राहिली. भारतीय डॉक्टर रुग्णांवर उपचार करू शकत होता, विद्यार्थ्यास शिकविण्याचा अधिकार मात्र त्याला सहजी मिळत नव्हता. १९२६ मध्ये परळ येथे के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले. त्याच्याशी निगडित सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीस, शासकीय सेवेत नसलेल्या पात्र भारतीयांचीच अध्यापक म्हणून नेमणूक व्हावी, अशी अट जोडलेली होती. या अटीची पार्श्वभूमी ग्रँट महाविद्यालयाच्या इतिहासात शोधावी लागते. सेवेचे ध्येय सर्वांसाठी, पण ज्ञानाचा अधिकार मोजक्यांसाठी, ही विसंगती जुन्या संस्थेस अखेर महागात पडली, असेच म्हणावे लागेल.

स्त्रियांचे रुग्णालय

परपुरुषाकडून तपासणी करून घेण्यास अनेक स्त्रिया तयार नसत आणि उपचाराविना मरण पत्करीत. या प्रश्नावर सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी चळवळ उभारली. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी देणगी दिली आणि १८८३ मध्ये त्याची कोनशिला बसविण्यात आली. त्याच वर्षी डॉ. एडिथ पेची इंग्लंडहून मुंबईस आल्या आणि त्याच वर्षी ग्रँट महाविद्यालयाचे दरवाजे स्त्री विद्यार्थिनींस खुले झाले. स्त्रियांनीच चालविलेले रुग्णालय ही कल्पना त्या काळी केवळ भारतातच नव्हे, तर इंग्लंडातही नवीच होती.

अन्य दोन रुग्णालयांविषयी थोडक्यात सांगता येईल. गोकुळदास तेजपाल यांच्या नावाचे रुग्णालय त्यांच्या दानातून उभे राहिले. (त्यांच्याच नावाच्या संस्कृत पाठशाळेत १८८५ चे पहिले काँग्रेस अधिवेशन भरले होते.) सेंट जॉर्जेस हे मूळचे युरोपियन जनरल हॉस्पिटल होते. जुन्या फोर्ट जॉर्जचे अवशेष आजही त्याच्या आवारात आहेत.

संशोधन आणि रुग्णाचे स्थान

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान करणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे ग्रँट महाविद्यालयाचेच पदवीधर. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले व महाविद्यालयातील एका अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. कैद्याच्या स्वेच्छेचा अर्थ काय, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. अध्यापन रुग्णालयातील गरीब रुग्णाबाबतही तो विचारावा लागतो. मोफत उपचार घेणारा रुग्ण विद्यार्थ्यांच्या हाताखाली आपला देह देतो. तो नकार देऊ शकतो काय?

स्वातंत्र्योत्तर काळात या विश्वासाला सर्वांत मोठा तडा १९८६ मध्ये गेला. भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्यामुळे जे.जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्या द्रवात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदी, औषधतपासणी आणि प्रशासन या तिन्ही पातळ्यांवरील दोष उघड केले. रुग्णालयाच्या इतिहासात कोनशिला आणि देणगीदारांच्या नावांइतकेच महत्त्व या अहवालास द्यावयास हवे. दुसऱ्या बाजूस, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले असता परिचारिकांनी गरोदर स्त्रियांना सुरक्षित खोलीत नेऊन लपविले. त्याच रात्री तेथे प्रसूतीही झाली. १४ मृत्यूंमागील व्यवस्था आणि त्या रात्रीच्या परिचारिका एकाच रुग्णालय समूहातल्या होत्या.

२०२४ मध्ये गोकुळदास तेजपाल व कामा या रुग्णालयांच्या आधारे ५० विद्यार्थी प्रवेशक्षमतेचे स्वतंत्र शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८८३ मध्ये स्त्रियांना उपचार मिळावेत म्हणून ज्याची कोनशिला बसली, ते रुग्णालय आता नव्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे केंद्र झाले आहे.